इचलकरंजीचा इतिहास नदीवेशीपासून लिहा

प्रति,
मा. आयुक्त, पदाधिकारी व सर्व नगरसेवक,
इचलकरंजी महानगरपालिका, जि. कोल्हापूर

विषय : साध्या मागाचा एक चालता कारखाना जपण्याबाबत आणि शहराच्या इतिहासात पंचगंगेला जागा देण्याबाबत

स. न. वि. वि.

मी इचलकरंजीत वाढले. लग्नानंतर कोल्हापुरात आले आणि इथलीच झाले. नदीच्या हिशेबात मी आता तुमच्या वरच्या अंगाला राहते. आमच्या घरातलं सांडपाणी ज्या नदीला मिळतं, तीच नदी पुढे तुमच्या घाटाला येते. हे पत्र लिहिताना ती जबाबदारी मी बाजूला ठेवलेली नाही.

2022 साली आपली नगरपालिका महानगरपालिका झाली, राज्यातली 28वी. आता शहराचा आराखडा होईल, चौक सुशोभित होतील, कुठेतरी शहराचा इतिहास सांगणारे फलकही लागतील. त्या फलकांवर काय लिहायचं हे ठरण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं. उरलेसुरले साधे माग, म्हणजे आडवं सूत धोट्याने इकडून तिकडे नेणारे जुने यंत्रमाग, भंगारात जाण्याआधी त्यातले काही शहराने विकत घ्यावेत. नदीच्या बाजूला जागा बघून त्यांचा एक चालता कारखाना लोकांसाठी उघडा ठेवावा. आणि त्याच छपराखाली पंचगंगेचं काय झालं, तेही स्पष्ट मांडावं. माग आणि नदी वेगवेगळ्या दालनांत ठेवलेला इतिहास अर्धा राहील.

आपल्या गावाची गोष्ट सांगताना सगळे घोरपडे घराण्यापासून सुरुवात करतात, आणि त्यात गैर काही नाही. मूळ पुरुष नारो महादेव हे जोशी. संताजी घोरपडे यांच्या घराण्याबद्दलच्या कृतज्ञतेतून त्यांनी घोरपडे हे आडनाव घेतलं. त्यांचे चिरंजीव व्यंकटराव यांना पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची मुलगी अनुबाई दिलेली. म्हणजे पहिल्या बाजीरावाची बहीण या गावची सून. पण तलवारीच्या जोरावर नाव मिळवलेल्या जहागिरी महाराष्ट्रात पुष्कळ होत्या. त्यातल्या बहुतेकांची गावं आज तालुक्याच्या बाजाराएवढी उरली आहेत. इचलकरंजीचं तसं झालं नाही, कारण श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला हात दिला.

इथे कापसाचा पट्टा नाही, कोळसा नाही, बंदर नाही. रेल्वे तर गावात आजही नाही, हातकणंगल्याला जाऊनच गाडी धरावी लागते. अशा ठिकाणी 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालवला. स्वदेशीचं वारं होतं, जहागीरदारांचा पाठिंबा होता आणि हातमागावर हात बसलेली माणसं गावात होती. तिकडे कोल्हापुरात 1906 साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहू मिलचा पाया घातला. दोन्ही प्रयत्न एकाच काळातले, पण वाटा वेगळ्या. कोल्हापुरात एक मोठी गिरणी उभी राहिली. इचलकरंजीत माग घरोघर पसरले. कुणाच्या पडवीत दोन, कुणाच्या परसात चार. गिरणी बंद पडली तेव्हा ती एकदमच बंद पडली. घरोघरचे माग मात्र मंदी, वीजटंचाई आणि सुताच्या भावांची चढउतार सोसत चालत राहिले. आपल्या गावाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

आपल्याकडे माणूस चढत कसा गेला, ते बघा. विजापूर, बेळगाव, सोलापूरकडून आलेला पोरगा मागावर कामाला लागायचा. हात बसला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, व्हायचा. चार पैसे साठले की जुने दोन माग घेऊन खर्चीवाला व्हायचा. म्हणजे व्यापारी बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) आणि सूत देणार, हा विणून देणार आणि मजुरी घेणार. पुढे जमलं तर स्वतःचं सूत, स्वतःचं कापड. एका पिढीत कामगाराचा मालक झालेली घरं प्रत्येक गल्लीत सापडतात, आणि मालकाचा पुन्हा कामगार झालेलीही सापडतात. म्हणून आपल्याकडे मालक-कामगार यांच्यातलं अंतर मुंबईच्या गिरण्यांएवढं कधी नव्हतं. दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतलेला असायचा. भांडण मात्र कडक व्हायचं. 52 पिकांना (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा) मीटरमागे किती पैसे, या एका आकड्यावर सगळं गाव आठवडेच्या आठवडे बंद राहिलेलं आहे. 2013 सालचा संप तर अजून सगळ्यांच्या लक्षात असेल. बाहेरच्या माणसाला पैशापैशाची ती ओढाताण क्षुल्लक वाटते. ज्याचा संसार दिवसभरात विणलेल्या मीटरांवर चालतो, त्याला ती वाटत नाही. शहराच्या ऐन मध्यावरच्या चौकाला कामगार नेते कॉम्रेड मलाबादे यांचं नाव आहे, ते उगाच नव्हे.

सहकाराचंही तसंच. सूत बाहेरून आणून पुरेना म्हणून यंत्रमागधारकांनी एकत्र येऊन डेक्कन सूतगिरणी काढली. देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांनी गंगानगरला पंचगंगा साखर कारखाना उभा केला. दत्ताजीराव कदमांच्या नावाची संस्था 1982 पासून खुद्द राजवाड्यात वस्त्रोद्योगाचं शिक्षण देते. ज्या वाड्यात जहागिरीचा कारभार चालायचा, तिथे आज कामगारांची मुलं कापडाचं तंत्र शिकतात. ही नावं आपल्या पुस्तिकांत, भाषणांत येतातच. ती यावीतही. मला काळजी आहे ती ज्यांची नावं कुठेच येत नाहीत त्यांची.

माझी आई कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायची. कांडी मशीनवर ओळीने चात्या फिरत असतात. भरलेली कांडी उपसायची, रिकामी बसवायची, सुताचं टोक तिच्यावर अडकवून लगेच पुढच्या चातीकडे वळायचं, कारण तोवर तिसरी भरत आलेली असते. मध्येच सूत तुटलं तर चुटकीत गाठ. ती गाठ इतकी बारीक यावी लागते की धोट्यातून जाताना अडकू नये. आईच्या तर्जनीला सुताने कापून पडलेली आडवी खाच होती, ती कधी भरलीच नाही. मागावरच्या कामगाराला ती कांडी धोट्यात घालून सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून बाहेर काढावं लागतं. घाईत ते तोंडाने ओढून घेतात. सुताची पूस, खळ, तेल, सगळं छातीत जातं. पाळीभर, वर्षानुवर्षं.

वहिफणी, म्हणजे बीमच्या सुताची टोकं ओवण्याचं काम, करणाऱ्यांबद्दल तर गावाबाहेर फार कुणाला ठाऊकही नाही. नवा बीम मागावर चढवण्याआधी त्यातलं प्रत्येक टोक आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून ओवावं लागतं. एक जण आतून टोक पुढे करतो, दुसरा आकड्याने ओढून घेतो. अशी हजारो टोकं. एक जरी चुकलं तरी सगळ्या ताग्यावर उभी रेघ उमटते आणि माल खराब ठरतो. दोघं समोरासमोर बसून तासन्‌तास हे काम करतात आणि बोटं थांबत नाहीत. मी लहानपणी त्यांच्याजवळ बसून बघायची. गप्पा मराठीत सुरू व्हायच्या, कानडीत जायच्या, मध्येच तेलुगूत कुणीतरी काही म्हणायचं. हिशेब लिहिणारे दिवाणजी मारवाडी पेढीशी तिच्या भाषेत बोलायचे. पुढे उत्तर प्रदेश-बिहारकडचे, ओडिशाकडचे कामगार आले आणि आणखी भाषा आल्या. ज्याला गावाची संस्कृती म्हणायचं, ती मला तिथे दिसली.

आणि जॉबर. नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं ओळखणारा माणूस. शंभर माग एकाच वेळी धडधडत असताना तो दारातून आत येतो, क्षणभर थांबतो आणि बरोबर त्या मागापाशी जातो ज्याचं पिकिंग, म्हणजे धोट्याला मार देणारा भाग, ढिलं झालंय. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. रेपिअर आणि एअरजेट या नव्या मागांना धोटाच नसतो. त्यामुळे कांडी नाही, कांडीवाली नाही, आणि धोट्याचा मार ऐकून दुरुस्ती करणारा जॉबरही नाही. बदल व्हायलाच हवा. बारा तासांच्या पाळीचं, छातीत पूस भरणारं काम टिकावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण ज्या मागांनी गाव उभं केलं ते किलोच्या भावाने भंगारात चालले आहेत, आणि ते चालवणाऱ्यांचं वय सत्तरीपुढे गेलं आहे. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटलं तर विचारायला माणूस उरणार नाही. शाहू मिलच्या जागेवर महाराजांचं स्मारक व्हावं ही चर्चा आम्ही कोल्हापूरकर वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. तशी वाट बघण्याएवढा वेळ आपल्याकडे नाही.

गावाला मागाशिवायही पुष्कळ काही होतं, तेही विसरू नये. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच दरबारचे गवई. विष्णु दिगंबर पलुसकरांचे ते गुरू. 1974 साली मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा अध्यक्ष पु. ल. देशपांडे होते. आपटे वाचन मंदिराने वाचनाची सवय टिकवली. कर्नाटकी बेंदराला लाकूड ओढायच्या शर्यती आजही लागतात आणि त्या बघायला रातपाळी करून आलेली माणसं डोळे चोळत उभी असतात. यावर वेगळं लिहिता येईल. आत्ता मला नदीकडे यायचं आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा होते, प्रयाग चिखलीला. तिथून कोल्हापूर, रुकडी, रुई करत ती इचलकरंजीला येते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. अंतर फार नाही. पण एवढ्या वाटेत तिच्यावर जे होतं ते आपण सगळे जाणतो. कोल्हापूरचा जयंती नाला तिला मिळतो. काठच्या गावांचं सांडपाणी मिळतं. कारखान्यांचं मिळतं. इचलकरंजीत आल्यावर काळ्या ओढ्यातून प्रोसेसचं, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांचं, रंगीत पाणी मिळतं. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं आणि तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. शिरोळ तालुक्यातली गावं तेच पाणी वापरतात, वाडीला आलेले भाविक त्याच पाण्यात स्नान करतात.

आता एवढं एकच बघा. पंचगंगा पायाशी असलेलं हे शहर पिण्याच्या पाण्यासाठी आधी मजरेवाडीला कृष्णेकडे गेलं. तेही पुरेना म्हणून दानोळीतून वारणेचं पाणी आणायचं ठरलं, वारणाकाठाने विरोध केला. मग सुळकुडातून दूधगंगेचं ठरलं, दूधगंगाकाठाने विरोध केला. आपल्याकडे या विरोधावर राग आहे. मोर्चे निघाले, बंद झाले. तहानलेल्या माणसाचा राग मला समजतो, माझं माहेरच तिथे आहे. नळाला आठवड्यात किती वेळा पाणी येतं हे फोनवर रोज ऐकते. तरीही मला वाटतं की त्या शेतकऱ्यांचं म्हणणं आपण नीट ऐकलं नाही. शेतीचं पाणी कमी होईल ही त्यांची भीती आहे, पण त्यासोबत त्यांनी पंचगंगा पाहिलेली आहे. स्वतःच्या नदीचं असं होऊ देणाऱ्या शहराला आपली नदी का द्यावी, हा त्यांच्या मनातला प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. पाणी मागायला चौथ्या नदीकडे जाण्याआधी या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर हवं.

2012 चा उन्हाळा आठवा. गावात काविळीची साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. हिपॅटायटिस ई हा शब्द गल्लीगल्लीतल्या बायकांच्या तोंडी झाला. माणसं गेली, त्यात गरोदर बायका होत्या. ती साथ शहराच्या कुठल्याही फलकावर नाही. मागांच्या संख्येचा अभिमान आपण सांगतो, लाखाच्या वर माग म्हणतो. त्या मागांवरचं कापड धुवायला, रंगवायला, सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) बॉयलरला लागलेलं पाणी कुठून आलं आणि वापरून कुठे गेलं, हे त्याच वाक्यात सांगायला हवं. पूर आला की नदीवेशीकडच्या, गावभागातल्या घरांना संसार उचलून शाळेत जाऊन राहावं लागतं. 2005, 2019, 2021, प्रत्येक पुराच्या खुणा त्या भिंतींवर आहेत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आम्हा कोल्हापूरकरांना पाठ असतं. पुढे तेच पाणी कुणाच्या उंबऱ्यात शिरतं, याचा विचार आमच्याकडे कमी होतो. तो व्हावा यासाठीही हे दालन मला इचलकरंजीत हवं आहे, कोल्हापूरच्या शाळांच्या सहली तिथे याव्यात म्हणून.

नेमकं काय करावं याबद्दल माझा आग्रह एवढाच. इमारत नवी आणि दिमाखदार नको. बंद पडलेला एखादा मागाचा कारखाना, पत्र्याच्या छपराचा, उंच झरोक्यांचा, घेतला तरी पुरे. नदीवेशीच्या बाजूला मिळाला तर उत्तम. तिथे माग चालते असावेत, काचेत बंद नकोत. आवाज कानावर आल्याशिवाय मुलांना काहीच कळणार नाही. मागांशेजारी कांडी मशीन असावं, वहिफणीचा घोडा असावा. ते चालवून दाखवायला निवृत्त जॉबर, कांडीवाल्या, वहिफणीवाले यांना मानधनावर घ्यावं, सत्कार करून घरी पाठवू नये. त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात, कानडी असो की तेलुगू, हिंदी असो की मराठी. मजुरीचे करार, संपाची पत्रकं, सूतगिरण्यांचे जुने अहवाल लोकांच्या ट्रंकांमध्ये पडून आहेत. ते जमा करायचं आवाहन महापालिकेने केलं तर लोक देतील. कागद जपायचं काम आपटे वाचन मंदिरासारखी संस्था करू शकेल, यंत्रांची देखभाल राजवाड्यातले विद्यार्थी शिकतील.

आणि नदीचं दालन. त्यात जुने फोटो असावेत, पुराच्या पातळ्या असाव्यात, कुठला नाला कुठे मिळतो याचा नकाशा असावा, कोल्हापूरपासून वाडीपर्यंत, कुणालाही न वगळता. 2012 मध्ये गेलेल्यांची नावं त्यांच्या घरच्यांच्या संमतीने लावावीत. दारात एक फलक असावा, ज्यावर त्या दिवशीचा नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल सगळ्यांना समजेल अशा मराठीत लिहिलेला असेल. हा फलक काहींना अडचणीचा वाटेल. प्रोसेसवाल्यांना वाटेल, वरच्या गावांना वाटेल, कदाचित आपल्यालाही वाटेल. तरीही तो लावावा. ज्या दिवशी त्यावरचा आकडा सुधारेल, त्या दिवशी दूधगंगेच्या शेतकऱ्यांना दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल.

खर्चाचं म्हणाल तर जुना माग आज भंगाराच्या भावाने मिळतो. त्याहून स्वस्त तो पूर्वी कधी नव्हता, आणि संपल्यावर कुठल्याही भावाने मिळणार नाही. येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी छोटंसं लेखाशीर्ष उघडावं आणि जागा शोधण्यासाठी समिती नेमावी. समितीत एक तरी कांडीवाली आणि एक तरी वहिफणी कामगार असावा, ही विनंती.

तोवर एक काम लगेच सुरू होऊ शकतं. विक्रमनगर, लालनगर, कबनूर, शहापूर या भागांतल्या म्हाताऱ्या जॉबरांची आणि कांडीवाल्यांची यादी करायची आणि त्यांचं बोलणं नोंदवून घ्यायचं. सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरहून येऊन ते करायला मी तयार आहे. माझ्यासोबत काही माहेरवाशिणीही आहेत. महापालिकेने एखाद्या शाळेतली खोली, एक टेबल आणि ओळखपत्र दिलं तर आम्ही पुढच्याच महिन्यात येऊन बसू. कळावे.

आपली,
एक इचलकरंजीकर माहेरवाशीण
कोल्हापूर